कामगारांची १५ टक्के कपात, संचालकांची २५ टक्के : ही वाटणी बरोबर आहे की नाही, कशी ठरवायची?

मोल्डिंग_लाइन (प्रश्न)

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीबद्दल विचारतोय. नाव लिहीत नाही. कायम कामगार ८४, स्टाफ १४, कंत्राटी ६० आणि संचालक ३, तिघंही एकाच घरातले. ट्रॅक्टरच्या कास्टिंगच्या ऑर्डरी कमी झाल्यात. महिन्याला ३०० टनांच्या आसपास असलेलं मेल्टिंग २०० टनांवर आलंय.

मॅनेजमेंटचा प्रस्ताव सहा महिन्यांसाठी आहे. कामगार आणि स्टाफचा पगार १५ टक्के कमी, संचालकांचा २५ टक्के कमी. त्यांचं म्हणणं, "तुमच्यापेक्षा १० टक्के आम्हीच जास्त सोडतोय." कामगाराचा एकूण पगार सरासरी २२,००० आहे, त्यात बेसिक आणि डीए मिळून १५,०००. स्टाफची सरासरी ३८,०००. प्रत्येक संचालकाचा पगार अडीच लाख.

पुढच्या आठवड्यात कामगारांच्या कमिटीची बैठक आहे. मंदी खोटी नाही, लाइनवर दिसतेच आहे, त्यामुळे सरसकट "नाही" म्हणायचं नाही. पण तीन गोष्टी कळत नाहीत. २५ विरुद्ध १५ हे खरंच न्याय्य आहे का? लेखी काय घ्यायचं? आणि वाचलेला पैसा कंपनीतच राहिला हे आम्हाला कसं कळणार? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

हिशेबवही

टक्के बाजूला ठेवा आणि कपातीनंतर घरात काय उरतं ते आधी लिहा. कामगाराचे २२,००० मधून ३,३०० गेले, उरले १८,७००. संचालकाचे अडीच लाखांतून ६२,५०० गेले, उरले १,८७,५००. पहिल्या घरात किराणा, शाळेची फी किंवा गाडीचा हप्ता यांपैकी काहीतरी थांबतं. दुसऱ्या घरात बचत कमी होते.

आयकराचा भागही कुणी सांगत नाही. वर्षाला ३० लाख पगार असलेल्याच्या वरच्या रकमेवर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस लागतो, म्हणजे ३१.२ टक्के. तो ६२,५०० सोडतो तेव्हा त्यातले १९,५०० तसेही करात गेले असते. त्याच्या हातातून प्रत्यक्षात ४३,००० जातात. तुमच्या कामगाराला करच लागत नाही, त्याचे ३,३०० पूर्ण जातात. म्हणजे तुलना १७ टक्के विरुद्ध १५ टक्के अशी होते. "१० टक्के जास्त" यातले आठ तिथेच संपले.

आता महत्त्वाचं. घरच्या कंपनीत पगार ही मालकाकडे पैसा जाण्याची एकच वाट नसते. शेड घरातल्या कुणाच्या नावावर असते आणि तिचं भाडं जातं. संचालकांनी कंपनीला दिलेल्या अनसिक्युअर्ड (बिनतारणी) लोनवर व्याज जातं. भाचा-पुतण्याच्या मशिन शॉपला जॉबवर्क जातं. समजा शेडभाडं महिना २ लाख आहे आणि १ कोटी २० लाखांच्या लोनवर १२ टक्क्यांनी व्याज जातंय, म्हणजे महिना १,२०,०००. तर घरात जाणारी रक्कम ७,५०,००० नसून १०,७०,००० झाली. कपात फक्त पगारावर, १,८७,५०० ची. ती एकूण रकमेच्या साडेसतरा टक्के भरते, आणि हे कर धरण्याआधीचं.

हे आकडे शोधायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर तिचा ताळेबंद एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) संकेतस्थळावर असतो, १०० रुपये भरून कुणालाही पाहता येतो. त्यात शेवटी टिपा असतात. 'रिलेटेड पार्टी' ही टीप काढा. संचालकांचा पगार, भाडं, व्याज, बहीण-कंपनीशी (त्याच घरच्या दुसऱ्या कंपनीशी) झालेले व्यवहार, सगळं तिथे एका ठिकाणी सापडतं. तीन वर्षांच्या टिपा शेजारी ठेवा. मंदीच्या वर्षात भाडं वाढलेलं दिसलं तर बैठकीत पहिला प्रश्न तोच. भागीदारी किंवा प्रोप्रायटरी फर्म असेल तर मात्र हे बाहेर मिळत नाही, सीएच्या सहीचं पत्रक मागावं लागेल.

वाटणीसाठी सपाट टक्क्यांऐवजी आयकरासारखे टप्पे लावा. २०,००० पर्यंत शून्य. २० ते ४० हजार या टप्प्यावर १० टक्के. ४० हजार ते १ लाख यावर २० टक्के. १ लाखाच्या वर ५० टक्के. मालकांसाठी पगार, भाडं आणि व्याज धरून एकच रक्कम.

मॅनेजमेंटच्या प्रस्तावातून महिन्याला वाचतात : कामगार २,७७,२००, स्टाफ ७९,८००, संचालक १,८७,५००, एकूण ५,४४,५००. निम्म्याहून जास्त भार ८४ कामगारांवर.

टप्प्यांनी वाचतात : कामगार सरासरी २०० प्रमाणे १६,८००, स्टाफ १,८०० प्रमाणे २५,२००, मालकांचे तिघांचे मिळून ४,२७,०००. एकूण ४,६९,०००. फरक राहतो ७५,५०० चा. एवढ्यासाठी ८४ घरांच्या पगाराला हात लावायची गरज आहे का, हे कमिटीने विचारावं.

---

कलम_आणि_करार

वरचा हिशेब नीट आहे. मी कायद्याची बाजू लिहितो, कारण चुका बहुतेक वेळा करार लिहिताना होतात.

पगारात, भत्त्यात किंवा कामाच्या तासांत बदल करायचा तर २१ दिवसांची लेखी नोटीस लागते. जुन्या कायद्यातल्या कलमावरून कारखान्यात आजही तिला '९ए' म्हणतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, त्यात ते कलम ४० आहे. नोटीस बोर्डावर कागद लावला आणि पुढच्या महिन्यापासून पगार कमी आला, हे चालत नाही. कोऱ्या किंवा अर्धवट संमतीपत्रावर सह्या मागितल्या तर देऊ नका. आणि कुणाचाही पगार किमान वेतनाच्या खाली त्याच्या संमतीनेही नेता येत नाही. किमान वेतनातला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, म्हणून सहा महिन्यांच्या करारात मध्येच ही रेषा वर सरकेल. त्याची तरतूद आधीच करा.

बेसिक आणि डीए यांना हात लावू देऊ नका. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, ओव्हरटाइम सगळं त्याला बांधलेलं असतं. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते : १५ भागिले २६, गुणिले वर्षं. २० वर्षं नोकरी झालेला कामगार १५,००० वर निवृत्त झाला तर १,७३,०७७ मिळतात. १५ टक्के कापून १२,७५० झालेले असताना त्याच काळात निवृत्त झाला तर १,४७,११५. सहा महिन्यांच्या "तात्पुरत्या" कपातीत त्याचे २५,९६२ कायमचे गेले. कराराच्या काळात कोण निवृत्त होतंय त्यांची नावं आजच काढा आणि "या काळातली देणी मूळ पगारावरच निघतील" असं वाक्य घाला.

आणखी एक. ईएसआयसाठी (कामगार विमा) धरला जाणारा पगार २१,००० च्या आत आला की कामगार त्याच्या कक्षेत येऊ शकतो, मग त्याचे ०.७५ टक्के आणि कंपनीचे ३.२५ टक्के सुरू होतात. कपातीवर आणखी कपात नको असेल तर हे आधी तपासून घ्या.

"पैसे बुडणार नाहीत, नंतर देऊ" असं तोंडी आश्वासन घेऊ नका. कमावलेला पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. रोखून ठेवायचं असेल तर भत्त्यातली ठरावीक रक्कम करारात 'वेतनाची थकबाकी' म्हणून लिहा आणि परतीच्या तारखा टाका, जसे पगारवाढीच्या करारात फरकाचे हप्ते ठरतात. 'कामगारांनी कंपनीला दिलेलं कर्ज' हा शब्द चुकूनही नको. कंपनी दिवाळखोरीत गेली तर कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं थकीत वेतन तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीच्या रांगेत उभं राहतं. कर्ज म्हणून लिहिलं तर तुम्ही साध्या देणेकऱ्यांत गेलात, तिथवर पैसा सहसा पोचत नाही. शब्द एक, रांग वेगळी.

करार कुठे करायचा हेही महत्त्वाचं. कमिटी आणि मॅनेजमेंटने आपापसात केलेला करार सह्या करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार सगळ्यांना बांधतो, उद्या लागणाऱ्या नव्या कामगारालासुद्धा. एक-दोन तारखा जास्त पडतील, पण तिथेच करा.

आणि मूळ मुद्दा : काम कमी असेल तर दिवस कमी करा, दर कमी करू नका. १५ टक्के कपातीत माणूस पूर्ण २६ दिवस राबतो आणि सहा महिन्यांत १९,८०० गमावतो. त्याऐवजी महिन्यातून चार दिवस ले-ऑफ (काम नाही म्हणून त्या दिवसापुरतं घरी बसवणं, नोकरी कायम) घेतला तर? ५० च्या वर कामगार असल्यामुळे कायद्याने बेसिक आणि डीएच्या निम्मी भरपाई मिळते. दिवसाचा एकूण पगार ८४६, भरपाई २८८, तोटा ५५८. सहा महिन्यांचे २४ दिवस धरले तर १३,३९२. करारात "एकूण पगाराच्या निम्मे" असं मिळवलंत तर दिवसाला ४२३, म्हणजे १०,१५२. भरपाईची वर्षाची ४५ दिवसांची मर्यादाही ओलांडत नाही. ३०० पेक्षा कमी कामगार असल्याने ले-ऑफला सरकारी परवानगी लागत नाही, पण भरपाई द्यावीच लागते. ले-ऑफच्या दिवशी गेटवर हजेरी लावायची की नाही ते लिहून घ्या; हजेरी चुकली म्हणून भरपाई नाकारली जाते. करारानुसार घेतलेले ले-ऑफचे दिवस बोनससाठी कामाचे धरले जातात, त्यामुळे दिवाळीला वाद होऊ नये.

---

उद्यमनगरकर

मालकांच्या बाजूने थोडं. शेडचं भाडं बाजारभावाने असेल तर ते पूर्णपणे पगारात मोजणं मला पटत नाही. तीच शेड दुसऱ्याला दिली असती तरी भाडं आलंच असतं. शिवाय सीसी लिमिटला (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला) संचालकांची वैयक्तिक हमी असते, राहतं घर तारण असतं. कंपनी बुडाली तर कामगार दुसरीकडे लागू शकतो, मालकाचं घर जातं. हेही ताटात वाढलं पाहिजे.

पण कामगारांच्या पगाराला हात लावण्याआधी मालकाने स्वतःच्या दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत, हे मी मालकांनाही तोंडावर सांगतो.

पहिली, येणं किती अडकलंय. फौंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. मोठ्या गिऱ्हाइकाला नोटीस द्यायला भीती वाटते, मान्य. मग निदान ट्रेड्सवर (बिलांवर आधी पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ) बिलं टाकून पैसे लवकर उचला. ९० दिवसांची उधारी गिऱ्हाइकाला आणि १५ टक्के कपात कामगाराला, याचा अर्थ तुमच्या गिऱ्हाइकाचं भांडवल तुमचा मोल्डर पुरवतोय.

दुसरी, भट्टी. हिशेबवही यांनी दाखवलेला ७५,५०० चा फरक इथे जवळजवळ भरून निघतो. इंडक्शन फर्नेसला टनाला ६५० युनिट लागत असतील तर ६१० वर आणणं अवघड नाही. २०० टनांना महिन्याला ८,००० युनिट वाचतात. युनिट ९ रुपये धरलं तर ७२,०००. कशाने वाचतात? झाकण बंद ठेवून. गंजलेला आणि वाळू चिकटलेला स्क्रॅप न टाकून, कारण त्याचा स्लॅग (वर तरंगणारी मळी) होतो आणि तो वितळवायलाही वीज जाते. रनर-रायझरचं (साच्याच्या वाहिन्यांत उरलेल्या धातूचं) परतीचं मटेरियल शॉट ब्लास्ट करून (छर्ऱ्यांनी वाळू झाडून) टाका. लागेल त्यापेक्षा ३०-४० डिग्री जास्त तापवायची सवय मोडा. आणि सगळ्यात मोठी गळती म्हणजे साचे तयार नसताना मेटल भट्टीत धरून बसणं.

म्हणून ले-ऑफचा दिवस कधी घ्यायचा यालाही अर्थ आहे. आठवड्याच्या मधोमध घेऊ नका, साप्ताहिक सुट्टीला जोडून घ्या. काम कमी असताना सहा दिवस अर्धी भट्टी चालवण्यापेक्षा चार-पाच दिवस पूर्ण हीट (भट्टी भरून वितळवण) घेतलेल्या बऱ्या. दर वेळी गार लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) तापवायला वीज जाते, आणि सिलिका लायनिंग पुन्हा पुन्हा गार-गरम झालं की तडे जातात, मग पॅचिंग. मेल्टिंग कमी झालंय तर महावितरणकडे अर्ज करून कॉन्ट्रॅक्ट डिमांडही (करारात ठरलेली कमाल वीजमागणी) खाली आणा. न वापरलेल्या डिमांडचे पैसे भरत राहून पगार कापणं योग्य नाही.

---

हिशेबवही

उद्यमनगरकर, शेडच्या बाजारभावाचा मुद्दा मान्य. मग आजूबाजूच्या तीन शेडचे भाडेकरार बघून चौरस फुटाचा दर काढा आणि त्याच्या वरचं तेवढं मोजा. व्याजाचं मात्र सोडता येणार नाही. वैयक्तिक हमी ही जोखीम आहे, ती खरी आहे, पण तिच्यातून या महिन्यात कंपनीला एक रुपया वाचत नाही. सहा महिने व्याज थांबवलं तर ७,२०,००० वाचतात. आणि करारात एक अट हवीच : कपातीच्या काळात संचालकांनी अनसिक्युअर्ड लोनची मुद्दल काढून घ्यायची नाही. नाहीतर कामगारांनी सोडलेल्या पैशातून मालकाचं कर्ज फिटलं, असंच होतं. बहुतेक बँका ही अट स्वतः घालतात, सॅंक्शन लेटर मागून बघा.

---

लाल_बावटा_कागल

भावा, हितं कंत्राटी ६० जणांचं कुणीच बोललं नाही. कपातीचा तक्ता करताना ते मोजलेच नाहीत, कारण त्यांचा पगार 'कॉन्ट्रॅक्टर बिल' म्हणून दुसऱ्या खात्यात जातो. मंदीत पहिला घाव त्यांच्यावरच बसतो, करार न करता, नोटीस न देता. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणं) आणि नॉक-आउटला (साचा फोडून कास्टिंग काढणं) तीच पोरं असतात, सगळ्यात धुळीचं काम. करारात एक कलम घाला : कपातीच्या काळात कंत्राटी माणसं कमी करायची तर आधी ओव्हरटाइम पूर्ण बंद, मग सगळ्यांचे दिवस सारखे कमी, आणि काढलेल्यांना परत घेताना त्यांनाच पहिला हक्क. आणि कायम कामगारांचा पगार कापून त्याच जागी नवीन कंत्राटी भरायचे नाहीत, हेही लिहून घ्या. तसं होतं.

ओव्हरटाइमवर लक्ष ठेवा. कपात चालू आहे आणि एका खात्यात रोज दोन तास ओव्हरटाइम निघतोय, तर मंदी त्या खात्यात नाही. दर महिन्याचं ओव्हरटाइम रजिस्टर कमिटीने बघायचं.

"कामगारांच्या घरी ऊस आहे, त्यांचं भागतं" हे बैठकीत कुणीतरी बोलणारच. त्याला उत्तर एवढंच की शेत कुणाचं किती हे कंपनीच्या पगारपत्रकात येत नाही, आणि निम्म्या पोरांकडे गुंठासुद्धा नाही. उसाचं बिल मोजायचं असेल तर मालकाच्या बंगल्याचं भाडंही मोजा. त्यावर विषय थांबतो.

वरून सुरुवात करायची रीत जगात नवी नाही. २०१४ मध्ये निंटेंडो तोट्यात आली तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. त्यांच्या खालच्या संचालकांनी ३० ते २० टक्के कमी घेतला. कपात वरून खाली उतरत गेली आणि संचालकांवरच थांबली. तुमच्याकडे शेवटपर्यंत खाली येतेय, निदान पायऱ्या तरी तशा असाव्यात.

---

मोल्डिंग_लाइन

सगळ्यांचे आभार. ताळेबंद काढला. शेड घरातल्यांच्या नावावर आहे आणि भाडं मागच्या वर्षी वाढवलंय. मॅनेजमेंटशी आज तोंडी बोलणं झालं. दिवस कमी करायला ते तयार होतील असं दिसतंय. अडलंय ते परत पूर्ववत कधी करायचं यावर. त्यांचं म्हणणं "नफा आला की". आम्ही म्हणतोय डिस्पॅच २४० टन झालं की. ते म्हणतात टन वाढले तरी भाव पडलेला असला तर काय उपयोग?

---

हिशेबवही

'नफा' हा शब्द करारात नको. घसारा वाढवला, संचालकांचा पगार मागच्या तारखेने वाढवला, बहीण-कंपनीच्या जॉबवर्कचा दर चढवला, की नफा दिसत नाही. आणि कळेपर्यंत ऑडिटचं वर्ष संपतं.

पण भावाचा त्यांचा मुद्दा खरा आहे, तो धरा. दोन आकडे ठेवा : डिस्पॅच सलग दोन महिने २४० टन, किंवा जीएसटीआर-३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) मधली विक्री सलग दोन महिने ठरलेल्या रकमेच्या वर. यातलं जे आधी होईल ते. आणि काहीच झालं नाही तरी सहा महिन्यांनंतरच्या पहिल्या तारखेला करार आपोआप संपतो, वाढवायचा तर पुन्हा २१ दिवसांची नोटीस. ३बी दर महिन्याला भरलं जातं, बहुधा २० तारखेच्या आत. त्याची प्रत २५ तारखेला कमिटीच्या हातात, असं लिहा.

---

उद्यमनगरकर

टन मोजताना एक खाच आहे. गिऱ्हाइकाने स्वतःचं मटेरियल देऊन फक्त मशिनिंग करून घेतलं तर त्याची विक्री फक्त मजुरीची दिसते, टन मात्र पूर्ण दिसतात. उलट बहीण-कंपनीला कच्चं कास्टिंग कमी भावाने गेलं तर टन दिसतात आणि विक्री पडलेली दिसते. म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहा आणि बहीण-कंपनीला गेलेला माल वेगळ्या रकान्यात. वजनकाट्याच्या पावत्या आणि गेट पास यांची बेरीज कमिटीतल्या एकाने दर शनिवारी करायची. गेटवरचा आकडा आणि ऑफिसचा आकडा यात अर्ध्या टनापेक्षा जास्त फरक आला तर सोमवारीच विचारायचं. महिना संपेपर्यंत थांबलात तर पावत्या सापडत नाहीत.

---

कलम_आणि_करार

मसुदा तयार झाला की बैठकीआधी इथे टाका, नाव-गाव काढून. थकबाकीच्या हप्त्यांचं वाक्य आणि निवृत्तीवाल्यांचं वाक्य मी तपासून देतो. बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, "मिनिट्स नंतर पाठवतो" याला हो म्हणू नका.